जिंकण्याआधीचं भरीत

सामना सुरू व्हायच्या आधीच सुकदेव आबा जिंकल्याचं भरीत लावायचे. तिकडे मैदानात पोरी अजून बुटाच्या नाड्या बांधत असायच्या आणि इकडे आमच्या मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटलेल्या, त्यावर मोठमोठी हिरवी वांगी मांडलेली, आणि आबा डोळ्यांतलं पाणी पुसत ती उलटीपालटी करताहेत.

“आबा, अजून खेळ सुरू नाही झाला,” मी एकदा धीर करून म्हटलं.

“मंग? जिंकल्यावर वांगं भाजाले बसू? पोरी भुक्या मरतीन, माय.”

पोरी हरून यायच्या. भरीत तयार असायचं. कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हरल्यावर जिंकल्याचं भरीत खाताना कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. फक्त आबा सगळ्यांना विचारत फिरायचे, “मिरची कमी पडली का?” जणू त्या दिवशी तेवढीच एक उणीव राहिली होती.

आम्ही तेव्हा धुळ्याला कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांत राहत होतो. आबा शेजारच्या खोलीत एकटेच. एस.टी.त कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान दिसायचं. माझी वैशाली त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि मुलींच्या टीममध्ये खेळायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. या खेळातले इंग्रजी शब्द मला आबांनी शिकवले. ते सगळे चुकीचे होते हे वैशालीनं नंतर सांगितलं, पण तोवर माझे पाठ झाले होते.

आबांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण ते गप्प बसत नसत. भिंतीला एक खिंडार होतं, त्यातून पलीकडे जायचे आणि रेषेवर उभं राहून ओरडायचे, “पुढे सरका! पुढे जागा आहे! मधी गर्दी करू नका!” खेळाचे सर आधी चिडायचे. मग त्यांनी सोडून दिलं, कारण ते स्वतः जे सांगायचे त्याचा अर्थही जवळपास तोच असायचा.

घाबरले की आबा तिकिटाचा जुना पंच वाजवायचे. तो पायजम्याच्या खिशात कायम असायचा. सामना रंगात आला की टक टक, टक टक. हाताशी कागद असला तर त्याला भोकं पडायची. आमच्या अंगणात सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागदाच्या बारीक टिकल्या झाडून काढायची. आबा तोंडानं कधी घाबरत नसत.

त्या वर्षी हिवाळ्यात सामने सुरू झाले आणि पहिल्याच सामन्यात पोरी सपाटून हरल्या. आबा म्हणाले, “गाडी आजून स्टँडमाच शे. सुटू तर द्या.” दुसरा हरल्या. “आते कोठे नाक्यापर्यंत उनी.” तिसऱ्यात तर समोरच्या पोरींनी शेवटी शेवटी खेळायचंच सोडून दिलं, नुसत्या हसत होत्या. आमच्या पोरी रडत आल्या. आबा परातीत भरीत वाढत म्हणाले, “घाट लागना, पोरीहो. घाटमा गाडी हळूच चालस. पण चालस ना?”

आबांचं सगळंच असं होतं. त्यांचा मुलगा सुरतला. तो दर दिवाळीला येणार असायचा. दिवाळी होऊन जायची, आबा आणलेला फराळ आम्हाला आणून द्यायचे आणि म्हणायचे, “गाडी लेट शे.” एवढंच. ह्यावर कोणी काही विचारत नसे.

आमच्या घरात आबांचा हा उत्साह ह्यांना, वैशालीच्या वडिलांना, सहन होत नव्हता. हे तेलाच्या मिलमध्ये कामाला होते, थकून यायचे. गल्लीच्या तोंडाशी वांग्याचा वास आला की समजायचे. आल्या आल्या विचारायचे, “आज किती मार खाल्ला?” वैशाली ताटावरून उठायची. मी मध्ये बोलायची नाही.

तिसऱ्या सामन्यानंतर टीम गळायला लागली. एका मुलीचं लग्न ठरून ती नरडाण्याला गेली. दुसरीच्या वडिलांनी सरांना तोंडावर सांगितलं, “हरायलाच पाठवायची तर घरी धुणीभांडी करू द्या.” आणखी एक दोघी आपल्या आपण यायच्या बंद झाल्या. राहिल्या बरोबर पाच. या खेळाला पाच जणी लागतात. सरांनी सांगितलं, रविवारी जळगावची टीम आपल्याकडे येते आहे. पाच जणी उभ्या राहिल्या नाहीत तर यंदा टीमचं नाव कटलं, आणि पुढच्या वर्षी मुलींची टीम काढायला कोणी परवानगी देईल अशी आशा ठेवू नका.

आणि त्याच रविवारी जामनेरचे पाहुणे वैशालीला बघायला येणार होते.

“वैशाली खेळणार नाही,” हे म्हणाले. वैशालीनं भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात दारात टक टक वाजलं. आबा उभे होते. भिंतीतून त्यांना सगळं ऐकू येत असे.

“सामना तीनले. पाव्हणे कितीले?” आबांनी विचारलं.

“साडेचार म्हणालेत,” हे म्हणाले.

“मंग झालं! चारले सामना सरी जाई. पोरगी हातपाय धुईन, साडी नेसीन, पोहे घेईसन उभी!”

“आणि ते लवकर आले तर? येऊन बसले, आणि मुलगी मैदानात? आबा, हा काय खेळ आहे?” हे ओरडले. खेळच होता, पण तसं कोणी म्हणालं नाही.

“पाव्हणे माझ्याकडं लागले. मी स्टँडवर जातो. माझ्या गाडीतून आजपोत कोणी येळेआधी उतरेल नही.”

ह्यांना हसू आलं असावं, कारण ते एकदम पाणी प्यायला आत आले. पण बाहेर जाऊन त्यांनी बोट रोखून सांगितलं, “ठीक आहे. खेळू दे. पण माझी शोभा झाली ना आबा, तर पुन्हा या घराचा उंबरा चढायचा नाही. सांगून ठेवतो.”

आबांच्या हातातला पंच थांबला. नेहमी त्यांच्याजवळ काहीतरी उत्तर असायचं, घाट नाहीतर नाका नाहीतर काहीतरी. त्या दिवशी ते फक्त “बरं” म्हणाले आणि गेले.

रविवारी आबा धुतलेला सदरा आणि कडक टोपी घालून निघाले. जाताना मला म्हणाले, “वांगी तू लाव, माय. जिंकल्याचीच लाव.” त्यांचा हा पहिलाच सामना होता जो ते बघणार नव्हते.

तीन वाजले. जळगावच्या पोरी आल्याच नाहीत. त्यांची जीप वाटेत पारोळ्याजवळ पंक्चर झाली होती म्हणे. आमच्या पाच जणी मैदानात उभ्या, मी खिडकीत कांदा चिरते आहे, मागे वांगी भाजताहेत, आणि हे पुढच्या दारात रस्त्याकडे बघत. सामना सुरू झाला तेव्हा चार वाजायला आले होते.

“बोलव तिला,” हे म्हणाले.

मी हाक मारायला खिडकीशी गेले आणि खेळच बघत राहिले. खरं सांगायचं तर पोरी त्या दिवशी मागे पडत नव्हत्या. जळगाववाल्या टोपलीत टाकत, की आमच्याही टाकत. पण दर थोड्या वेळानं त्या रेषेकडे बघायच्या. तिथे कोणी नव्हतं. मग मधेच वैशालीच ओरडली, “पुढे सरका! पुढे जागा आहे!” आणि बाकीच्या चौघी हसल्या आणि सरकल्या.

हे दारातून खिडकीत, खिडकीतून दारात येत होते. “संपलं का?” “नाही.” “आले का?” “नाही.” साडेचार होऊन गेले. “म्हातारा कुठे घेऊन गेला त्यांना?” थोड्या वेळानं मी बघते तर हे दारात गेलेच नव्हते. माझ्या खांद्यावरून बघत उभे होते. “आता कोण पुढे आहे?” त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, जळगाव, पण थोडंसंच. त्यांनी खिडकीचा गज धरला तो सोडला नाही.

शेवटचा चेंडू वैशालीनं टाकला. तो कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. ह्यांच्या तोंडून “अरे!” असं निघालं आणि लगेच ते म्हणाले, “साडी काढून ठेव तिची.”

पोरगी खिंडारातून धावत आली. तोंडावर पाणी मारलं, मी साडी गुंडाळली, केसांत धूर आणि घाम. निऱ्या खोवतच होते तोवर गल्लीच्या तोंडापासून आबांचा आवाज आला. गरज नसताना ते गावाला ऐकू जाईल असं बोलत होते, “सांभाळून या! इथे गटार आहे! आता घर आलंच! हे बघा, आलंच घर!”

पाहुणे दोघं होते, मुलाचे वडील आणि मामा. ते स्थळ पुढे जमलं नाही. त्याला खेळ कारण नव्हता, आमची मुलगी मुलापेक्षा उंच निघाली. पण त्या दिवशी ते कोणाला माहीत होतं? हे हात जोडून उभे होते. पाहुणे खाटेवर बसले. आबा दाराशी स्टुलावर बसले.

आणि आबांना सामन्याचं काय झालं ते माहीत नव्हतं. विचारताही येत नव्हतं. ते माझ्याकडे बघायचे. मी पोह्यांच्या ताटल्यांकडे. ते ह्यांच्याकडे बघायचे. हे छताकडे. मग त्यांच्या खिशातून आवाज सुरू झाला. टक टक.

“कसला आवाज हो?” मामा म्हणाले.

“पाल असेल,” हे म्हणाले.

वैशाली चहा घेऊन आली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, पुरणपोळी येते का विचारलं. मग मुलाच्या वडिलांचं लक्ष तिच्या कोपराकडे गेलं. ताजं खरचटलेलं होतं, पदर नीट झाकत नव्हता.

“हे काय लागलं, बेटा?”

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ह्यांच्याकडेही नाही. तिनं दाराकडे पाहिलं.

“खेळताना पडले,” ती म्हणाली. “आबा, दोन गुणांनी हरलो.”

आबा ताडकन उभे राहिले. “दोन? फकत दोन? जळगाववाल्यास्ना संगे? मी काय सांगेल होतं! घाट सरना! सरना घाट!” त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि मग त्यांना पाहुणे दिसले. ते हळूहळू पुन्हा स्टुलावर बसले.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, आता आबांचा उंबरा गेला.

मुलाचे वडील मात्र हसायला लागले. “म्हणजे शेवटी हरलीच का? अहो, गाडीतून उतरल्यापासून आम्ही या सामन्याचंच ऐकतोय. आम्ही म्हटलं, आबा, चला सरळ मैदानावर, नातीचा खेळ बघू. पण हे काही नेईनात. आम्हाला सगळा डेपो दाखवला. गाड्या धुतात ती जागा दाखवली. टायर दाखवले. तीनदा चहा पाजला. शेवटी म्हणाले, नको भाऊ, यंदा पोरी हरताहेत. हरताना पाहुण्यांनी पाहिलं तर पोरीला लागेल.”

यंदा पोरी हरताहेत. हे वाक्य आबांच्या तोंडून आम्ही कोणीच कधी ऐकलं नव्हतं. आबा जमिनीकडे बघत होते.

पाहुणे ह्यांच्याकडे वळले. “तुमचे वडील फार बोलके आहेत हो.”

ज्या खाटेवर ते बसले होते त्याच्या वरच, भिंतीवर, माझ्या सासऱ्यांचा फोटो होता. चंदनाचा हार घातलेला. पाहुण्यांनी नुसती मान वर केली असती तरी दिसला असता. आबांना ते ठाऊक होतं. ते स्टुलावरून अर्धवट उठले, हातानं टोपी चाचपली. “नही, मी म्हणजे, मी फक्त,” असं काहीतरी पुटपुटले आणि दाराकडे सरकले.

ह्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आबांकडे.

“बसा, आबा,” हे म्हणाले. मग पाहुण्यांना म्हणाले, “सगळं आयुष्य एस.टी.त गेलं त्यांचं. बोलायची सवय आहे.” आणि आतल्या दाराकडे वळून मला म्हणाले, “अगं, आबांचा चहा राहिला.”

मी चहा घेऊन गेले. आबांनी एका हातानं कप धरला, पण दुसरा हात काही केल्या खिशातला पंच सोडेना. वैशाली त्यांच्या शेजारी खाली बसली आणि तिनं बशी धरली.