पाद्रीबुवांचं कपाळ

मंगळवारी सकाळी नऊ वाजता, एडिंबरातल्या आमच्या लहानशा संग्रहालयाचं कपालशास्त्राच्या इतिहासाचं पान इंटरनेटवर उघडलं. डोक्यावरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणारी ही विद्या आमच्या गावाने एकेकाळी अक्षरशः डोक्यावर घेतली होती! जुनी व्याख्यानं, डोक्यांचे नकाशे, मेलेल्यांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे ठसे, सगळं एका जागी आणि फुकट. पहिलंच वाक्य माझं होतं : 'डोक्याच्या आकारावरून माणूस ओळखता येत नाही.'

"एक चूक दाखवा, मिशी उतरवतो!" मी कचेरीत जाहीर केलं.

दुपारी सासूबाईंचा, इशबेलबाईंचा फोन. पाद्री लॉरिमर हे त्यांचे खापरपणजोबा; त्यांच्या चेहऱ्याचा ठसाही पानावर होता.

"जावईबापू, रडले रे मी! काय ते कपाळ! दया नुसती ओथंबतेय. गळ्यावर पाद्र्यांच्या कॉलरची पट्टीसुद्धा उमटलीय! मोठा फोटो करायला टाकलाय. रविवारी चर्चच्या सभागृहात लावायचा."

लग्नापासून त्या माझ्यावर पहिल्यांदाच खूश झाल्या होत्या.

चार वाजता मोराग आली. ठशांची देखभाल तिच्याकडे.

"लॉकलन, पाद्रीबुवा कशाने गेले?"

"म्हातारपणाने. झोपेत."

"मग गळ्यावर दोराचा वळ कसला?"

ठसे पुसताना माझ्याकडून दोन चिठ्ठ्या निघून पडल्या होत्या. एक पाद्री लॉरिमरची. दुसरी टॅम पर्व्हिसची. बायकोला विष घालून हा फासावर गेलेला!

"कोणता ठसा कुणाचा, हे तू ठरवलंस कसं?"

"अगं, एकाचं कपाळ बघ, किती सात्त्विक! आणि दुसऱ्याची हनुवटी? सरळसरळ खुनी!"

मोरागने पानावरच्या माझ्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं.

बुधवारी खरं सांगायला सासूबाईंकडे गेलो. दिवाणखान्यात चकचकीत चौकटीत टॅम पर्व्हिस!

"आई, जरा घोटाळा झालाय..."

"आधी चहा घे. तो दुसरा पाहिलास, विष घालणारा? मेल्याची हनुवटी बघ, अशी दगडासारखी!"

दाखवायला त्यांनी स्वतःची हनुवटी पुढे काढली. तीच! जशीच्या तशी!

मी मुकाट्याने दुसरा कप घेतला.

आज शुक्रवार. पान मोरागने दुरुस्त केलंय. सासूबाईंनी ते पुन्हा उघडलेलं नाही. रविवारी फोटोवरचा पडदा मीच ओढायचा आहे. मिशी मात्र मी उतरवली.

सासूबाई म्हणतात, आता चेहरा कसा प्रामाणिक दिसतो!