कुरण्यांच्या घरी राहिलेलं गणित

कुरण्यांच्या घरी गणित जूनमध्ये राहायला आलं आणि दिवाळी होऊन गेली तरी परत गेलं नाही. त्याची चौकशी करायला, घरोघरी विषय पाठवणाऱ्या आमच्या संस्थेनं मला तासगावला पाठवलं.

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की विषय घरी राहायला येतात. त्यात अवघड काही नाही. विषयाला झोपायला कॉट द्यायची, दोन वेळा जेवायला घालायचं आणि मुलाला तो यायला लागला की एसटीत बसवून द्यायचं. बहुतेक विषय वेळेवर निघतात. इंग्रजी तर कुठंही गेलं तरी बॅग उघडत नाही. कुटुंबं ही पद्धत का निवडतात यावर मी बरीच वर्षं संशोधन करते आहे, पण विषयानं मुक्काम ठोकल्याचं आजवर ऐकलं नव्हतं. इकडे विट्याचं एक कुटुंब गणिताची वाट पाहत होतं. त्यांनी कॉटच्या पट्ट्या बदलून घेतल्या होत्या आणि ते रोज मला फोन करून पिडत होते.

धनाजी कुरण्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. मी गेले तेव्हा गणित तिथं स्टुलावर बसून त्यांना तांब्याची तार धरून देत होतं. गणित दिसायला तसं साधंच. अंगानं सडपातळ, पांढरा लेंगा-शर्ट, कोपरं जरा टोकदार. मला पाहून ते उठून उभं राहिलं.

"बसा गणितराव, तुमच्यासाठी नाही आल्या त्या," धनाजीराव म्हणाले. मग माझ्याकडं बघून जरा चाचरत म्हणाले, "म्हणजे, तुमच्यासाठीच आल्यात."

वैजयंताबाईंनी पाणी आणलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, घरी शिकवायचं का ठरवलं?

"शाळेत गणित सगळ्या वर्गाचं होतं हो ताई," त्या म्हणाल्या. "आमची तेजू मागं बसायची. घरी येऊन म्हणायची, आई, ते माझ्याकडं बघतच नाही. मग ह्यांना म्हटलं, घरीच बोलवू. जेवायला तरी आपल्यात बसेल."

असं उत्तर मी पूर्वीही ऐकलं आहे, पण ते दर वेळी मला लागतं. मी खाली मान घालून पाणी प्याले.

"मग मुक्काम इतका का लांबला?"

"भागाकार," गणित म्हणालं. "बेरीज, वजाबाकी, गुणाकार झालं. भागाकार काही केल्या होत नाही. माझंच चुकतंय कुठंतरी." त्याचा चेहरा खरोखर पडला होता.

तेजूला बोलावलं. चौथीच्या वयाची पोर, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. मी विचारलं, बाराला तिनानं भागलं तर किती?

"येत नाही," तेजू म्हणाली.

"दहाला दोननं?"

"तेही येत नाही."

एखाद्यानं तब्येत उत्तम असल्याचं सांगावं तशी ती सांगत होती. मला जरा शंका आली, पण तेवढ्यात वैजयंताबाईंनी पानं घेतल्याचं सांगितलं आणि आम्ही सगळे आत गेलो.

पंगत पाच जणांची होती. धनाजीराव, वैजयंताबाई, तेजू, मी आणि गणित. माझं आणि गणिताचं ताट शेजारी शेजारी होतं. शाळेत असताना गणितानं माझ्याकडं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता ते मला वांग्याची भाजी घ्या म्हणून आग्रह करत होतं. मी दोनदा घेतली.

शेवटी वैजयंताबाईंनी बेसनाच्या लाडवांचं ताट तेजूच्या हातात दिलं. "सगळ्यांना सारखे वाढ गं. पंक्तिप्रपंच नको."

त्या घरात पंक्तिप्रपंच कुणी कधी केला नव्हता. एकाला जास्त, एकाला कमी वाढलेलं वैजयंताबाईंना मुळीच खपत नसे. तेजूनं एकेक लाडू फिरवून वाढला असता तरी काही बिघडलं नसतं. तिनं ताटातल्या अकरा लाडवांकडं एकदा पाहिलं, आधी एक उचलून गणिताच्या पानात ठेवला, मग प्रत्येकाला दोन-दोन वाढले आणि रिकामं ताट बाजूला सारलं.

गणिताचा घास हातातच राहिला.

"तेजू," ते म्हणालं, "एक उरणार, हे तुला वाढायच्या आधीच कसं कळलं?"

तेजूनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग गणिताकडं.

"मला येतं," ती म्हणाली. "केव्हाचंच येतं. येतं म्हटलं की तू जाणार. मग मी नाही म्हटलं." आणि तिनं परकराच्या टोकानं डोळे पुसले.

मला फार वाईट वाटलं. पण नियम नियमच असतो आणि तो सांगायचं काम माझं होतं. मला सांगावं लागलं नाही. गणित अर्ध्या जेवणावरून उठलं, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली. तिच्यात एक लेंगा, एक शर्ट आणि कंपासपेटी एवढंच होतं. धनाजीराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. वैजयंताबाईंनी निघणाऱ्याच्या हातावर घालतात तसं चमचाभर दही गणिताच्या तळहातावर घातलं.

"सांभाळून जावा भाऊजी," त्या म्हणाल्या. भाऊजी त्या आजच पहिल्यांदा म्हणाल्या असाव्यात, कारण धनाजीरावांनी चमकून पाहिलं.

गणितानं दही चाटलं. मग ते आपल्या पानाकडं बघत राहिलं.

"हे बरोबर नाही," ते म्हणालं. "माझ्या पानात तीन आहेत."

"पाहुण्याला जास्तच असतो," तेजू नाक ओढत म्हणाली.

"मला या घरात पाहुणा कोण म्हणतं आता? हा पंक्तिप्रपंच झाला." त्यानं तिसरा लाडू उचलून पंगतीच्या मधोमध ठेवला. "हा पाच जणांत सारखा वाटून दाखव."

तेजू लाडवाकडं बघत बसली. तिनं बोटांवर मोजलं, पुटपुटली, पुन्हा बघितलं.

"हे खरंच येत नाही," ती शेवटी म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिला दोन-तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. तिला खरंच येत नव्हतं. मी तसं जाहीर केलं. गणितानं पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

मी अंगणात येऊन विट्याला फोन लावला आणि इतिहास मोकळा आहे, चालेल का, असं विचारलं. इतिहासाला हल्ली कुणी घरी ठेवून घेत नाही, जेवताना फार बोलतो. ते लोक म्हणाले, चालेल, आमच्याकडं तरी कोण बोलतंय. माझं काम संपलं होतं. मी चपला घातल्या.

गणित मला सोडायला फाटकापर्यंत आलं.

"तुम्ही खिडकीजवळ बसायचात," ते म्हणालं. "शेवटच्या बाकावर."

मी फाटकाला धरून उभी राहिले.

"मी यायला निघायचो तुमच्याकडं. तेवढ्यात घंटा व्हायची."

रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"तो लाडू," मी म्हटलं, "पाच जणांत कसा वाटायचा, ते मलाही नीट येत नाही."

"मग आत या," गणित म्हणालं.

मी रिक्षा परत पाठवली आणि चपला काढल्या. तेजूनं थोडं सरकून सतरंजीवर मला जागा करून दिली.