बंदुकांची डेंटिस्ट

नवी रायफल हातात आली की कुमुदकाकू तिला आधी सांगतात, "आ कर." ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करून घेतात, बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढतात, कपाळावरचा दिवा लावतात आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा गोल आरसा आत सारून बघतात. आपण शेजारी श्वास रोखून उभे. मग निदान होतं, "कीड आहे. पण मूळ शाबूत आहे. वाचेल ही."

आरसा दातांच्या डॉक्टरचा वाटतो, कारण तो खरंच दातांच्या डॉक्टरचा आहे. डॉ. कुमुद निंबाळकर. कोल्हापुरात त्यांचा दवाखाना होता आणि तालमीतले भलेभले पैलवान त्यांच्या खुर्चीत बसून आईला हाका मारायचे, असं त्या अभिमानाने सांगतात. काका गेल्यावर दवाखाना बंद करून त्या इथे, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला, लेकीकडे आल्या. पुढे लेकीला सिएटलला नोकरी मिळाली. ती म्हणाली, "आई, चल." काकू म्हणाल्या, "एका म्हातारीला किती वेळा उपटून लावणार? मी इथंच बरी." तेव्हापासून त्या एकट्याच राहतात, आमच्या शेजारच्या घरात.

मी नागपूरचा, काम सॉफ्टवेअरचं, आणि बंदूक फक्त पोलिसाच्या खांद्यावर बघितलेली. इथे राहायला आलो त्याच आठवड्यात मीठ मागायला काकूंकडे गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं. गाडी बाहेर उन्हात तापत होती आणि आत, पांढरा ॲप्रन घातलेल्या एक सत्तरीच्या बाई टेबलावर आडव्या ठेवलेल्या रायफलीवर ओणवून काहीतरी टोकरत होत्या. पलीकडे गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा उकळत होता. आल्याचा आणि बंदुकीच्या तेलाचा असा एकत्र वास मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

"बस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "खालचा सुळा दुखतोय काय रे तुझा? एका बाजूनं बोलतोयस."

दुखत होता. मी मीठ विसरलो.

काकू माणसं दातांवरून ओळखतात. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे 'तो क्रॉसबाइटवाला', कारण त्यांचे वरचे दात खालच्यांच्या आत मिटतात, कोपऱ्यावरच्या देसी ग्रोसरीचा मालक म्हणजे 'तंबाखूवाल्या हिरड्या', आणि माझी बायको रेवती म्हणजे 'ती गुणी मुलगी', कारण ती रोज फ्लॉस करते. मी बरीच वर्षं 'सुळा' होतो.

बंदुकांचा नाद त्यांना इथे आल्यावर लागला. कुठल्याशा गॅरेज सेलमध्ये त्या इडलीपात्र मिळतंय का बघत होत्या. टेक्सासच्या गॅरेज सेलमध्ये इडलीपात्र का मिळावं, हे त्यांना विचारायचं नाही. तिथे कोपऱ्यात एक गंजलेली रायफल पडली होती. विकणारा म्हणाला, ही संपलीय मॅडम, फायरप्लेसवर टांगा. काकूंनी तिच्या लाकडावरचा शिक्का चष्मा वर करून वाचला. इशापूर. म्हणजे आपल्याकडची, बंगालमधल्या कारखान्यातली थ्री-नॉट-थ्री. 

"तुला सांगते," काकू म्हणतात, "परदेशात आपलं माणूस भेटावं ना, आणि तेही असं कुजत पडलेलं, तसं झालं मला. म्हटलं, बाई गं, तू कशी काय इथं?"

इडलीपात्राऐवजी त्या रायफल घेऊन आल्या. कोल्हापूरहून आणलेली दवाखान्याची हत्यारं बॅगेत तशीच पडून होती, कारण इथे प्रॅक्टिस करायची तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते आणि या वयात काकू परीक्षा घेतात, देत नाहीत. ती हत्यारं बाहेर निघाली. बारीक आकडीने स्क्रूच्या खाचांमधला गंज काढला. पितळी ब्रशने नळी घासली. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल इतके दिवस चोळलं की लाकूड मधासारखं दिसायला लागलं. इथल्या नेमबाजी क्लबातल्या एका जुन्या जाणत्या बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडे जाऊन त्या शिकल्याही. पहिला बार त्यांनी रायफल लाकडी घोडीला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून काढला. "पेशंट नवा असला की आधी थोडं लांबून," म्हणाल्या.

आता त्यांच्याकडे एक अख्खं कपाट भरून रायफली आहेत. सगळ्या त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या. कपाट पोलादी, कुलूपबंद. बोल्ट दुसऱ्या कपाटात, काडतुसं तिसऱ्या. आमच्या गल्लीतल्या आया आधी मुलांना त्यांच्या अंगणातसुद्धा सोडायच्या नाहीत. काकूंनी एके दिवशी सगळ्यांना चहाला बोलावलं, तिन्ही कपाटं दाखवली आणि म्हणाल्या, "भीती वाटते ते बरोबर आहे. वाटलीच पाहिजे. मलाही वाटते, म्हणून तर तीन कुलपं." जाताना प्रत्येकीला दातांसाठी काय खावं तेही सांगितलं. त्यानंतर कुणाची तक्रार आली नाही. काही जणींनी साखर सोडली.

निंबाळकर आडनाव ऐकून लोकांना वाटतं, घराण्यात शिकार असणार. काकू भडकतात. "शिकार? त्या हरणानं माझं काय घोडं मारलंय?" त्या फक्त कागदावर गोळी मारतात. पण मारतात अशी, की बघत राहावं. दर शनिवारी सकाळी क्लबाच्या शूटिंग रेंजवर जातात. मी पहिल्यांदा सोबत गेलो तेव्हा हॅट घातलेले दोन उंच गृहस्थ त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांकडे आणि कानांवरच्या मफच्या खाली दिसणाऱ्या कुड्यांकडे बघून हसत होते. काकू चटईवर पालथ्या झोपल्या, गाल लाकडाला लावला आणि शांतपणे बार काढले. कागद जवळ आला तेव्हा मधल्या काळ्या ठिपक्यात, बटाटेवडा झाकून टाकेल एवढ्या जागेत, सगळी भोकं होती. हसू थांबलं. माझी मात्र छाती फुगली. जणू मीच त्यांना शिकवलं होतं.

या रेंजवर दर वसंतात जुन्या लष्करी रायफलींची एक मॅच होते. जिंकणाऱ्याचं नाव क्लबहाउसच्या लाकडी फळ्यावर कोरतात. काकूंना त्या फळ्यावर जायचं होतं. पण त्या दरवर्षी दुसऱ्या यायच्या. पहिला नंबर एका उंच, निवृत्त पायलटचा. काकू त्याला 'डेंचरवाला' म्हणायच्या. "खालची कवळी ढिली आहे त्याची. चाप ओढताना जिभेनं दाबून धरतो. तरी नेम लागतो, म्हणजे बघ," असं कौतुकही करायच्या. यंदा मात्र त्यांनी कंबर कसली होती. इशापूरवालीचं पुढचं लाकूड त्यांनी नव्याने बसवलं होतं आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे ज्यावरून नेम धरतात तो बारीक खिळा, पुन्हा पुन्हा घासून मनासारखी करून घेतली होती.

मॅचच्या काही आठवडे आधी डॉरथी आल्या. मागच्या रस्त्यावर राहणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या. हातात आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. त्यांचे यजमान वॉल्टर पूर्वी याच क्लबात होते. पक्षाघाताने बरीच वर्षं बिछान्याला खिळले आणि हिवाळ्यात गेले. रायफल वॉल्टरच्या वडिलांची, पुढे त्यांनीच वापरलेली, नंतर गॅरेजमध्ये गळक्या हीटरखाली राहून पार गंजलेली. डॉरथींना ती फक्त भिंतीवर लावण्यासारखी करून हवी होती.

मी मनात म्हटलं, झालं. कारण भिंतीवर टांगायला म्हणून कुणी बंदूक आणली की काकू सरळ हाकलतात. "मी काय कॅलेंडर दुरुस्त करते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्या दिवशी त्यांनी नुसता टॉवेल सोडला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "यू सिट. आय मेक टी."

मग डॉरथी रोज दुपारी यायला लागल्या. घडीच्या खुर्चीवर बसायच्या, आल्याचा चहा घ्यायच्या आणि बोलायच्या. वॉल्टरला पीच पाय आवडायचा. वॉल्टर गाडी चालवताना शिट्टी वाजवायचा. वॉल्टरने एकदा चर्चमध्ये भलत्याच नवरदेवाचं अभिनंदन केलं होतं. कुमुदकाकू म्हणजे बोलणाऱ्याला वाक्य पुरं करू न देणारी बाई. मंडळाच्या अध्यक्षांनाही त्या मध्येच थांबवून जीभ बाहेर काढायला सांगतात. पण डॉरथी बोलत असताना त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. गंज काढत ऐकत राहायच्या. डॉरथींचं टेक्सासचं इंग्रजी त्यांना किती कळत होतं कुणास ठाऊक. तरी एखाद्या दिवशी डॉरथी गप्प असल्या तर त्याच विचारायच्या, "अँड वॉल्टर? देन?"

दस्त्याच्या एका कडेला लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. वॉल्टरचा गाल तिथे टेकत असे. मी म्हटलं, "काकू, हे पण घासून सारखं करायचं ना?"

"हात लावशील तर बघ," त्या म्हणाल्या.

मॅचच्या दिवशी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो, तर इशापूरवाली कपाटातच होती. काकूंच्या हातात वॉल्टरची रायफल. आदल्या शनिवारी त्यांनी तिचे बार काढून, नेम जुळवून घेतला होता.

"काकू, अहो, एकाला एकदाच एंट्री असते. तुमची रायफल?"

"ती कुठं पळून चाललीय?"

"आणि फळा?"

"गाडी काढ. डॉरथीला घ्यायचंय वाटेत."

रेंजवर नाव नोंदवायच्या टेबलाशी घोडं अडलं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "नाव?" काकू म्हणाल्या, "वॉल्टर." तो हसला. काकू हसल्या नाहीत. तो म्हणाला, मॅम, जो शूट करतो त्याचंच नाव लिहितात, तसा नियम आहे. काकूंनी मान तिरकी करून त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि मला वाटलं आता याची अक्कलदाढ निघते. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रायफल हिज. प्लेस हिज. आय ओन्ली पुल." आणि बाजूला झाल्या. मागे डॉरथी उभ्या होत्या, चर्चला जाताना घालतात तसला निळा ड्रेस घालून. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि नाव लिहिलं.

काकू त्या दिवशी जशा खेळल्या तशा मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही नाही. वाऱ्याने कागद फडफडत होते. डेंचरवाल्याचे दोन बार किंचित बाहेर गेले. काकूंचा एकही गेला नाही. शेवटचा बार काढून त्यांनी बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली आणि तशाच पालथ्या पडून राहिल्या. मी धावलो. "काही नाही रे, गुडघा धरलाय. उठव मला," म्हणाल्या.

निकाल भोंग्यावरून सांगतात. पहिला नंबर म्हणून वॉल्टरचं नाव आलं, आडनावासकट, मोठ्याने, सगळ्या मैदानभर. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जुन्या मेंबरांपैकी एकाने हॅट काढली. पाठोपाठ सगळ्यांनी काढल्या. डॉरथी उठून उभ्या राहिल्या आणि तोंडावर हात ठेवून रडल्या. डेंचरवाला लांब टांगा टाकत आला, काकूंचा हात दोन्ही हातांत घेऊन काहीतरी पुटपुटला. मला म्हणाल तर, मी तिथे उभा राहून अनोळखी लोकांना सांगत होतो, "दॅट्स माय नेबर. शी इज फ्रॉम कोल्हापूर." ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत होतो.

परत येताना डॉरथींना घरी सोडलं. रायफल त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावून दिली. काकूंनी स्वतः लेव्हल धरून खिळे ठोकले. मग आम्ही दोघेच गाडीत. मला राहवेना.

"काकू, एवढी वर्षं वाट बघितली तुम्ही. फळ्यावर तुमचं नाव आलं असतं ना यार."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नव्या घरांच्या रांगा, एकसारख्या.

"तिला एक बरं आहे," त्या म्हणाल्या. "इथं सगळे त्याला ओळखतात. नाव पुकारलं की टोप्या निघतात. आमचे हे गेले कोल्हापुरात. मी इकडं आले. इथं ह्यांना कुणी बघितलेलं नाही. लेकीला फोनवर बाबा म्हणायचं, तर ती रडते, म्हणून मी म्हणत नाही. किती दिवसांत ह्यांचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही बघ मी. माझ्यासुद्धा."

सिग्नल लागला होता. हिरवा झाला तरी मी थांबलो होतो. मागून हॉर्न वाजल्यावर पुढे गेलो आणि डावीकडच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी लावली.

"काकू," मी म्हटलं, "नाव घ्या ना."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग खुदकन हसल्या, नव्या नवरीला सगळ्यांनी घेरल्यावर ती हसते तशा. "उखाणा येत नाही हं मला. लग्नातसुद्धा आला नव्हता. सासूबाई रागावल्या होत्या."

"नुसतं घ्या."

त्यांनी पर्स मांडीवर सरळ केली, पदर नव्हता तरी खांद्याशी हात नेला.

"श्रीपाद," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, मोठ्याने म्हणाल्या, "श्रीपादराव निंबाळकर. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. अमेरिका कधी बघितली नाही, पण फळ्यावर अख्खा नकाशा न बघता काढायचे. आणि टेक्सासचा तो कोपरा आला ना, की वळण नीट यावं म्हणून जीभ अशी बाहेर काढायचे."

आणि त्यांनी जीभ बाहेर काढून, हवेत बोटाने, मला टेक्सास काढून दाखवलं.