एका खोळीतल्या दोन रायफली

जुन्या पडद्याची शिवलेली एक लांबोडकी खोळ. चापासाठी आणि बोल्टसाठी भोकं ठेवलेली.

फ्रीजवर बायकोने लावलेला तिच्या वडिलांचा निशाण्याचा कागद. मधोमध भोक एकच, पण पाच गोळ्यांचं.

डोळे तपासायच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक. "आता बरं दिसतंय, की मघाशी?" "मघाशी. नाही, आता. परत दाखवा बघू."

आणि शनिवार. रायफल विकत घ्यायच्या परवानगीचा शेवटचा दिवस.

या सगळ्यात चष्मेवाला सापडला होता. नेमबाजीच्या क्लबात तो क्लबचीच जुनी रायफल चालवी आणि दर रविवारी सासऱ्यांकडून हरे. दोष रायफलीचा, असं त्याचं ठाम मत. सासरेही तीच रायफल वापरत. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच ते म्हणत, तेही चष्मा पुसता पुसता. शेवटी स्वतःची घ्यायचं ठरलं. छोट्या गोळीची, दर गोळीला बाजूचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने उचलून ओढायची, साधी. दुकानात तशा दोनच होत्या, सख्ख्या बहिणींसारख्या. नावं नुसत्या आकड्यांची, म्हणून हा त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागला.

मग त्याचं कुतूहल जागं झालं. थोरलीचा चाप हलका, पण धाकटीचा बोल्ट कमी उचलावा लागे. दुकानदाराने दोन्ही क्लबात आणून चालवू दिल्या. पहिल्या खेपेला थोरली जिंकली, पण त्या दिवशी वारा पडलेला होता. दुसऱ्या खेपेला धाकटी, पण काडतुसं वेगळ्या खोक्यातली. तिसऱ्यांदा खोकं तेच ठेवलं, तर याने आधी चहा घेतलेला. चहाने हात स्थिरावतो की हलतो, हे अगोदर तपासायला हवं, असं तो जेवताना म्हणाला.

"अहो, नाणं उडवा," बायको म्हणाली.

"नाणं दोन्ही बाजूंनी सारखंच जड असतं कशावरून?"

अखेर खरी खोट त्याला सापडली. धाकटीचं लाकूड देखणं होतं आणि डोळा आपोआप तिची बाजू घेत होता. म्हणून खोळ. त्यापेक्षा तुमच्याच डोक्यावर घालते, कापड कमी लागेल, असं म्हणत बायकोने ती शिवून दिली.

शनिवारी दुकानात परीक्षा झाली. हा भिंतीकडे तोंड करून उभा राही. दुकानदार आतल्या खोलीत जाई, खोळ घातलेली रायफल आणून टेबलावर ठेवी आणि फक्त "पहिली" किंवा "दुसरी" म्हणे. सासरे मागच्या बाकावर चष्मा पुसत बसलेले. पहिली, दुसरी, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. चष्मेवाल्याचा चेहरा उजळत गेला.

"फरक आहे," तो म्हणाला. "पहिलीचा बोल्ट जरा खरखरतो. चापही उशिरा सुटतो. दुसरी म्हणजे नुसतं लोणी. लाकूड दिसलं नाही, म्हणून कळलं बघा. आता सांगा, दुसरी कुठली? थोरली की धाकटी?"

दुकानदाराने खोळ काढली. आत थोरली होती.

"आणि पहिली?"

"तीही हीच. आज एवढीच आहे. धाकटी सकाळी गेली."

"गेली? कोणी नेली?"

मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "परवानगी मीही काढली होती. महिनाभर तुमच्या तोंडून दोघींचं कौतुक ऐकलं. म्हटलं, कुठलीही चालेल. जी हाताला लागली ती उचलली."

चष्मेवाल्याने टेबलावरच्या रायफलीकडे पाहिलं. बोल्ट ओढला. खरखरत नव्हता. पुन्हा ओढून पाहिला. आता उद्यापासून दोष कुणाला द्यायचा, याचं उत्तर तिच्यात कुठेच सापडेना.

दुकानदाराने पावतीपुस्तक उघडलं.

"मग साहेब, पहिली देऊ की दुसरी?"

दुकानदाराच्या नाकावरचा चष्मा गेल्या वर्षी चष्मेवाल्यानेच दिला होता. तेव्हा त्याचं ठरेना, म्हणून याने एकच भिंग दोनदा लावून "आता बरं, की मघाशी?" असं विचारलं होतं, आणि ती लबाडी दुकानदाराला तेव्हाच कळली होती.