एका चौकटीतले दोघे

आमच्या संशोधन संस्थेत कोणी कोणाला विचारायचं, हे एका पानात बसवून दाखवलं ते मी. बढाई मारत नाही. माझ्याइतकी सरळ रेघ ऑफिसात दुसऱ्या कोणाला येत नाही. सशांवर औषधाचे प्रयोग करणारे मुख्य संशोधक आणि त्या प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्ष हे एकच गृहस्थ होते, म्हणून मी दोघांना एकाच चौकटीत घातलं. तेवढीच जागा वाचली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंची रेघही त्याच चौकटीला जोडली. तक्ता भिंतीवर लागला आणि आठवडाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत होतो.

मग सशांची निगा राखणाऱ्या मावशींना एका सशाचा मागचा पाय सुजलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी तपासून लगेच लिहून दिलं, "याला प्रयोगातून काढा." पण काढायला अध्यक्षांची सही हवी. कागद तक्त्याप्रमाणे वर गेला.

अध्यक्षांनी संशोधकांकडे, म्हणजे स्वतःकडेच, खुलासा मागितला. संशोधकांनी पंधरा दिवसांची मुदत मागितली. अध्यक्षांनी मोठ्या मनाने ती दिली. तिन्ही कागदांची आवक-जावक मी बिनचूक नोंदवली.

तिसऱ्या दिवशी मावशी ससा टॉवेलात गुंडाळून माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊ, कालपासून हा काही खात नाही. कोणाला सांगू?"

"तक्त्यात बघा ना, मावशी."

"बघितला. बाईंची रेघ जिथे जाते तिथे प्रयोगवालेच बसलेत. ह्याच्या बाजूने कोण बसलंय?"

ससा डोळे मिटून धापा टाकत होता. मला मनापासून लाज वाटली. सशाचा कागद उचलला आणि मावशींना घेऊन मी थेट संचालकांच्या खोलीत शिरलो.

सगळं ऐकून संचालक म्हणाले, "डॉक्टरीणबाई सरळ माझ्याकडे का नाही आल्या?"

"साहेब, तशी रेघच नाही. पान भरलं होतं."

आधी त्यांनी सशाच्या कागदावर सही केली. मग बाहेर येऊन माझ्या तक्त्यावर डॉक्टरीणबाईंपासून स्वतःपर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली. समितीलाही दुसरे अध्यक्ष नेमले. मला नवा तक्ता करावा लागला. जुना मावशींनी सशाखाली अंथरायला मागून नेला.

चार दिवसांनी मावशी सांगत आल्या, "भाऊ, खायला लागला!" मी सगळं टाकून धावलो. पायाची सूज उतरली होती, डोळे टक्क उघडे होते. पाल्याला मात्र त्याने अजून तोंड लावलं नव्हतं. तो तक्ता कुरतडत होता, आणि सुरुवात केली होती खालच्या कोपऱ्यापासून, जिथे 'तयार करणारा' म्हणून माझी सही होती.