बी. वेअर

आप्पासाहेब जगदाळ्यांनी रहिमतपुरात दोन खोल्यांचं का होईना, पण स्वतःचं पक्कं घर बांधलं आणि दारावर नुसतं नाव घालायचं नाही, असं मनाशी ठरवलं. तिथंच सगळं बिनसलं.

नुसतं नाव काय, सोसायटीच्या गोदामावरही असतं. आप्पासाहेब कचेरीत कारकून. शिक्षण मराठी फायनल. इंग्रजी अक्षरं त्यांना लागत, शब्द लागत नसत (आणि लागत नाहीत याचा पत्ता ते कुणाला लागू देत नसत). मागं सांगलीला गेले होते तेव्हा एका बंगल्याच्या फाटकावर त्यांनी पाटी पाहिली होती. वर साहेबांचं नाव, पुढं बी. ए., एलएल. बी. आणि खाली मोठ्या अक्षरांत आणखी एक शब्द. त्याच्यापुढचं सगळं बोगनवेलीनं झाकलेलं. आप्पासाहेबांनी अक्षरं जुळवली. बी. वेअर. बी. ए. झालेला माणूस पुढं आणखी शिकला की बी. वेअर होत असणार, हे त्यांना कुणी न सांगताच कळलं. तरी खात्री केलेली बरी म्हणून त्यांनी समोरच्या पानवाल्याला विचारलं.

"ह्ये सायेब मोठं हायती व्हय?"

"मोठं म्हंजे? त्या फाटकातनं आत जायाला लोक धा बार इचार करत्यात!"

झालं. गुंडा पेंटरनं दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं सगळं इंग्रजीत लिहून दिलं. आप्पासाहेब जगदाळे, आणि खाली ठळक, बिवेअर. कचेरीतला शिपाई ज्ञानू पाटी बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आप्पासाब, ही परीक्षा कवा दिली? आमाला बोलला न्हाई."

"पोस्टानं," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी फाइलीत तोंड घातलं.

हायस्कुलात शिकलेली लेक शालन मात्र पाटी बघताच पदर तोंडाशी धरून आत पळाली. लग्नाची बोलणी चाललीत, पोरगी लाजायचीच, असं आप्पासाहेबांना वाटलं. बोलणी खरोखरच चालली होती. म्हसवडकडचे रिटायर सुभेदार मानसिंग माने, त्यांचा मुलगा मिलिटरीत, सुट्टीवर आलेला. रविवारी मुलगी बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली होती आणि त्यांनी काहीच कळवलं नव्हतं. हे तिसरंही गेलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. आप्पासाहेबांना आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं.

त्यातच भामाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, भिंतीकडं बोट केलं. "माझ्या पाटल्या मोडल्या तवा ही भित हुबी ऱ्हायली. आन माझं नाव कुटं हाय?"

गुंडा परत आला. शिडीवर चढला आणि घुटमळला. "आप्पासाब, ह्या शब्दाम्होरं 'ऑफ' असतंय बगा. सांगलीत मी लय बंगल्यांवर लिवलंय."

"मग घाल की! अर्धवट कशाला ठेवतोस?"

गुंडानं 'ऑफ' घातलं आणि त्याखाली झोकात लिहिलं, सौ. भामाबाई.

रविवारी हायस्कुलातले इंग्रजीचे हंबीरराव मास्तर जरा आधीच आले. चार शहाण्या माणसांत एक असावेत म्हणून आप्पासाहेबांनी त्यांना बोलावलं होतं. मास्तर पाटीसमोर थांबले आणि म्हणाले, "कुत्रं कुठं आहे?"

"कुत्रं? आमच्यात कुत्रं न्हाई."

"तेच म्हणतो." मास्तरांनी चष्मा पुसला. "आप्पासाहेब, बिवेअर म्हणजे सावध राहा. ऑफ म्हणजे पासून. कुणापासून, ते पुढं लिहायचं असतं. तुम्ही लिहिलंय."

आप्पासाहेबांनी आधी दारातून आत डोकावून पाहिलं.

"मोठं गमतीचं क्रियापद आहे," मास्तर वर्गात असल्यासारखे रंगात आले. "त्याला भूतकाळ नाही, वर्तमानकाळ नाही. बहुतेक आज्ञार्थच. नुसता हुकूम!"

एवढ्या घाबरगुंडीतही आप्पासाहेबांना वाटून गेलं, की मग शब्द अगदीच चुकीच्या नावाशेजारी बसलेला नाही.

पण आता काय करायचं? त्यांनी घासलेटाचा बोळा घेऊन भिंत घासली. अक्षरं पुसली नाहीत, उलट चकाकली. मग त्यांनी खुंटी ठोकून वर वाकळ टांगली. भामाबाई बाहेर आल्या. "आवं, पावनं यायचं आन दारात वाकळ? डोस्कं फिरलं काय तुमचं?" आणि वाकळ ओढून घेऊन आत गेल्या. का टांगली ते सांगायची सोय नव्हती. पाहुण्यांना कळलं तर शालनचं लग्न मोडणार आणि भामाबाईंना कळलं तर आप्पासाहेबांची हाडं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लाल फेटा दिसला. आप्पासाहेब भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

"राम राम," सुभेदार म्हणाले.

"राम राम. चला आत."

"तुमी म्होरं व्हा."

"न्हाई, तुमी."

"आवं, घर तुमचं!"

"आसू द्या. मला हितंच बरं वाटतंय."

सुभेदारीणबाई, अंबूबाई, नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "यास्नी काय व्हतंय जनू? घराण्यात हाय का काय?" ते आप्पासाहेबांना ऐकू आलं. डोळ्यांत पाणी यायचंच काय ते राहिलं. मुलगा खाली बघत होता. सुभेदारांनी आप्पासाहेबांना नखशिखांत न्याहाळलं आणि छातीतून आवाज काढला, "विश्राम!"

दचकून आप्पासाहेबांचे हात खाली आले, पाय बाजूला सरकला आणि पाटी उघडी पडली.

सुभेदार वाचायला लागले. एकेक अक्षर. त्यांनी हात आडवा करून मागच्या सगळ्यांना जागीच थांबवलं. दारात भामाबाई पदर सावरत उभ्या होत्या. सुभेदारांनी पाटी पाहिली, भामाबाई पाहिल्या, मग आप्पासाहेब पाहिले.

"काय लिवलंय वं?" अंबूबाईंनी विचारलं.

सुभेदारांनी घसा साफ केला. "भामाबाईस्नी इचारल्याबिगर ह्या घरात पाऊल टाकायचं न्हाई, आसं लिवलंय."

"आगं बया!" अंबूबाईंचा चेहरा उजळला. "बाईमानसाला एवढा मान? आवं, हितली पोरगी न बगता करावी!"

त्यांनी बघितली आणि केलीही. सुपारी फुटली, पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या. निघताना सुभेदारांनी आप्पासाहेबांना बाजूला घेतलं. "बॉर्डरला सुरुंग पुरलेलं आसत्यात तितं असली पाटी आसती. घराला लावलेली पयल्यांदा बगितली. धाडस लय तुमचं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "त्या पेंटराचा पत्ता द्या."

पाहुणे वळणाआड गेले न गेले तोच आप्पासाहेबांनी चुन्याची बादली आणि कुंचा आणला.

"ठेवा ती खाली," मागून भामाबाई म्हणाल्या.

"आगं, त्याचा अर्थ तुला ठावं न्हाई…"

"हाय ठावं. शालननं पयल्याच दिशी सांगितलाय."

आप्पासाहेबांनी बादली खाली ठेवली.

"आदी ते निस्तं तुमच्या नावाखाली व्हतं. शेजारणीची शेळीसुदीक बिचकली न्हाई. रोज भितीला अंग घासून जायाची. माझ्याम्होरं 'ऑफ' पडलं तवापास्नं गवळी दुधात पानी घालंना. मीच त्याला बोट लावून वाचून दावलंय."

त्या आत वळल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

"आन चुना आनलाच हाय, तर मोरी तेवढी मारून घ्या."

आप्पासाहेबांनी बादली उचलली आणि ते मोरीकडं निघाले.