वायरीले दोन रस्ते

तलमडुगु मंडलातल्या आमच्या गावात रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली आणि कुणाचंही काही अडलं नाही. घटना अभिनंदनास पात्र होती. सरळ आदिलाबादला जाणारी लाइन तुटताक्षणी यंत्रणेनं सगळी वाहतूक भैंसामार्गे जाणाऱ्या दुसऱ्या लाइनवर आपोआप वळवली. केबल कंपनीचे अधिकारी नरसिंगराव पाहणीला आले आणि त्यांनी यंत्राला हार घातला. तुटकी केबल चरात तशीच पडून राहिली.

"दुरुस्ती कधी?" सेवा केंद्र चालवणाऱ्या यामिनीनं विचारलं.

"सेवा बंद पडली की दुरुस्ती. सेवा तर चालू आहे! मग दुरुस्त काय करायचं?"

मुद्दा बिनतोड होता. फक्त आता आसपासच्या सगळ्या गावांचा भार एकाच लाइनवर आला आणि यामिनीच्या संगणकावर नुसतं चक्र फिरू लागलं. तक्रार करावी, तर यंत्रणा हिरवा दिवा दाखवी.

त्यातच गावातला भिवाजी दाखला काढायला आला. त्याच्या मुलीला, प्रियदर्शनीला, निर्मलच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. रहिवासी दाखला गुरुवारपर्यंत पाठवला नाही, तर जागा जाणार होती.

"काऊन होत नाही वं बाई?"

"चक्र फिरून राह्यलं, काका. नेट हाय, पण काम नाही."

जनतेची ही गैरसोय पाहून नरसिंगरावांनी तिसरी लाइन मंजूर करून आणली. गुरुवारी सकाळी तिचं खोदकाम सुरू झालं आणि जेसीबीनं पहिल्याच दणक्यात दुसरी लाइन तोडली. यंत्रणा डगमगली नाही. तिनं सगळी वाहतूक पहिल्या लाइनवर वळवली, कारण पहिली तुटल्याची तक्रार दफ्तरात कधी चढलीच नव्हती. यामिनी तक्रार चढवायला बसली. तक्रार नेटवरूनच करावी लागते.

भिवाजीनं पोरीला मोटरसायकलवर घेतलं आणि आदिलाबादचं सेवा केंद्र गाठलं. तिथं आमच्यासारखीच वळून आलेली सगळी गावं रांगेत उभी होती. त्यांचा नंबर लागायच्या आत खिडकी बंद झाली.

शुक्रवारी प्रियदर्शनीची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीकडे वळली. आपोआप.

"साहेब," भिवाजी यामिनीच्या केंद्रात आम्हा सगळ्यांदेखत नरसिंगरावांना म्हणाला, "तुमच्या वायरीले दोन रस्ते व्हते. माह्या पोरीले एकच व्हता."

नरसिंगराव गहिवरले. पुढच्या वर्षी पुन्हा दरखास्त द्या म्हणाले. प्रियदर्शनी बापाच्या मागं खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे बघवेना. मला नरसिंगरावांचा इतका संताप आला की मी तडक उठून घरी निघालो.

वाटेत तो चर लागला. केबलची तुटकी टोकं अजून वर आलेली होती. पहिल्या दिवसापासून अख्खं गाव तिथून डावीकडून वळून जातं, पाऊलवाटही छान मळली आहे. मीही वळलो.

तुमच्या दारापुढच्या चराला तुम्ही कोणत्या बाजूनं वळता?